हिशेबवाचनाचा मान

ज्योतीराम सरांना गावात कुणी घाबरत नसे, मान मात्र सगळे देत. या दोन गोष्टींत फरक असतो, हे कळायला त्यांना म्हातारपण यावं लागलं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. पिंपळे गुरवला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बायको जयमाला, आणि बाहेरच्या खोलीत छतापर्यंत पुस्तकं. सार्वजनिक कर्ज हा त्यांचा विषय. सरकार कर्ज का काढतं, ते कोण फेडतं, आणि फेडणाऱ्याला कुणी विचारलेलं असतं का, हे त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं. पोरांनी त्यातले पाच मुद्दे पाठ केले, पेपरात उतरवले आणि कुठल्या ना कुठल्या कंपनीत चिकटली. पुढं तीच पोरं हप्त्यावर घेतलेल्या गाडीची काच खाली करून म्हणत, "सर, देशावर किती कर्ज झालंय बघा," आणि लगेच तसला एक मेसेज त्यांना पाठवून देत. सर हसून घेत.

त्यांचं मूळ गाव चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या गोदामांमागं. गावात नाथाच्या जत्रेला हिशेब वाचायची जुनी रीत आहे. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पालखी निघायच्या आधी, देवस्थानाचा सालभराचा जमाखर्च देवळापुढं मोठ्यानं वाचायचा. वाचणारा गावातला शिकलेला माणूस. सर एम.ए. झाले त्या सालापासून तो मान त्यांच्याकडं आहे. त्यातही क्रम ठरलेला. कागद आदल्या दिवशी देवस्थानाच्या अध्यक्षाला दाखवायचा, त्यानं त्यावर कुंकवाचं बोट लावायचं, मग कागद रात्रभर देवापुढं ठेवायचा, आणि मग गावाला वाचून दाखवायचा. आधी मानकरी, मग देव, मग माणसं. हा क्रम कुणी लावून दिला कुणास ठाऊक, पण राज्याच्या अर्थसंकल्पापासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत सगळीकडं तोच चालतो.

हिशेब झाला की लिलाव. देवाच्या निशाणाचा, पहिल्या हाराचा, पालखीच्या खांद्याचा. बोली आज लावायची, पैसे पुढच्या जत्रेला द्यायचे. पूर्वी बोली एखाद्या ज्वारीच्या पोत्याची असे, आणि सुगी झाली की माणूस न सांगता पोतं देवळात आणून टाकी. मग जमिनी गेल्या, कंपन्या आल्या, पैसा आला आणि बोली लाखांवर गेली. ज्वारीच्या काळात बोली बुडवणाऱ्याला गावात पाणी मिळालं नसतं. लाखांच्या काळात बोली बुडवणाऱ्याचा फ्लेक्स लागतो. अध्यक्ष चिमाजी, म्हणजे सरांचा चुलतभाऊ, त्याचा मुलगा रविराज यानं मागं एका जत्रेत निशाणाला अकरा लाखांची बोली लावली. चाकण चौकापासून गावापर्यंत त्याचे हात जोडलेले फोटो लागले. फ्लेक्सवाल्याचे पैसे त्यानं रोख दिले. देवाचे अजून द्यायचे होते.

नुसतं एवढंच असतं तर सरांनी कपाळाला आठ्या घालून सोडून दिलं असतं. पण या न आलेल्या बोल्या हिशेबात जमेच्या बाजूला लिहिल्या जात, आणि त्या जमेच्या जोरावर देवस्थानानं गावच्या पतसंस्थेकडून कर्ज काढलं होतं. त्यातून संगमरवरी सभामंडप झाला, रस्त्यावर कमान झाली, कमानीवर पंचांची नावं झाली. देवस्थानाचे पंच आणि पतसंस्थेचे संचालक ही एकच माणसं. या हातानं मागायचं आणि त्या हातानं द्यायचं. आणि पतसंस्थेत पैसा कुणाचा, तर रस्त्याला आणि कंपन्यांना जमीन गेलेल्या घरांचा, कंत्राटी कामगारांचा, म्हाताऱ्या बायांचा. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, ते हेच. पुस्तकात सर याला सार्वजनिक कर्ज म्हणत, आणि गावात त्याला विकास म्हणत.

यात लपलेलं काहीच नव्हतं. देवस्थानाचा हिशेब दरसाल जाहीर वाचला जाई आणि पतसंस्थेचा छापील अहवाल सभासदांच्या घरोघर येई. दोन्ही कागद गावात प्रत्येकाकडं होते. कुणी ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते, एवढंच. सरांनी या वर्षी ठेवले, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो. मग त्यांनी नेहमीच्या हिशेबाला आपल्या हातानं एक पान जोडलं. त्यात कुणाला शिव्या नव्हत्या. पैसे आलेले नाहीत, आलेले नसताना खर्च झालेत, आणि ते ठेवीदारांचे आहेत, इतकंच साध्या मराठीत लिहिलं होतं.

जयमालाबाईंनी ते पान वाचलं आणि चष्मा काढला.

"वन्संना फोन करा आधी," त्या म्हणाल्या. "त्यांचे सहा लाख तिथंच आहेत."

"जत्रेत सगळ्यांना कळणारच आहे."

"सगळ्यांना कळेल तेव्हा कळून काय उपयोग?"

सरांनी यावर त्यांना एक छोटं व्याख्यान दिलं. माहिती चार जणांना आधी कळली की व्यवहार संपतो आणि लूट सुरू होते. आपल्या माणसाला आधी सांगायचं आणि गावाला मागाहून, मग आपल्यात आणि चिमाजीत फरक काय राहिला? जयमालाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्या कुकर लावायला गेल्या. हे व्याख्यान त्यांनी लग्नानंतर बऱ्याच वेळा ऐकलं होतं.

जत्रेच्या पहिल्या दिवशी, रविवारी दुपारी, सर गावात उतरले ते रीतीप्रमाणं आधी चिमाजीकडं गेले. जोडलेलं पान ऐन वेळी खिशातून काढावं, असं त्यांच्या मनात एकदा येऊन गेलं होतं. पण तो पाठीमागून वार झाला असता. ज्याच्यावर बोट ठेवायचं त्याला आधी तोंडावर सांगावं, हा सभ्यपणा. चिमाजी सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. समोर टीव्हीवर घाटातल्या बैलगाडा शर्यतीचं थेट चित्रण चाललं होतं. त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि ते पान सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

"खोटं न्हाई ह्यात काय," तो म्हणाला.

"म्हणूनच तुला आधी दाखवलं. मला कुणाची बेअब्रू करायची नाही. पण मी हे वाचणार."

"वाचा की सर. आमी कोण आडवणार? नाथापुढं खोटं चालतं व्हय?"

त्यानं आतून कुंकवाचा करंडा मागवला, कागदावर बोट उठवलं आणि सरांना चहा पाजला. वर फाटकापर्यंत पोचवायला आला. सरांना वाटलं, माणूस वयानं बदलतो. आपण उगीच त्याच्याविषयी इतकी वर्षं मनात वाईट धरून बसलो, असंही त्यांना वाटलं. इतक्या पुस्तकांच्या माणसाला हे वाटावं, याचं नवल करायचं कारण नाही. पुस्तकात चिमाजी भेटत नाही.

तिथून सर बहिणीकडं गेले. मंजुळाबाई त्यांच्याहून मोठी, गावातच दिलेली. नवरा वारलेला, मुलगा गोरक्ष एका कंपनीत कंत्राटावर. सासरच्या रानातली पट्टी रस्त्याला गेली, तिचे आलेले पैसे तिनं पतसंस्थेत ठेवले होते. दोन्ही गुडघे इतके गेलेले, की उठताना ती भिंतीला धरून आधी थोडी थांबे आणि मग उठे. तरी जत्रेचं जेवण भावाला तीच वाढी, सुनेला वाढू देत नसे.

"जोती, माझी ठेव सुटलीया ह्याच हप्त्यात," भाकरी वाढता वाढता ती म्हणाली. "गोरक्ष म्हणतो काढ आन गुडघं करून घे. संस्थेतला म्यानेजर म्हणतो परत ठिवा, व्याज वाढवून देतो. काय करू?"

सोमवारी पतसंस्था सकाळपासून दुपारपर्यंत उघडी असते, हे त्यांना माहीत होतं. काढून घे, एवढंच म्हणायचं होतं.

"उद्या मी हिशेब वाचणार आहे ना," ते म्हणाले. "तो ऐक आणि मग ठरव."

"त्यो तर साऱ्या गावाला वाचणार. मी तुला इचारतीया."

"म्हणूनच म्हणतो, अक्का. गावाला एक आणि घराला एक, असं मी कधी केलं नाही."

"लईच बाई नियमाचा," मंजुळाबाई हसून म्हणाली आणि तिनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी अर्धी भाकरी टाकली.

त्या दुपारी सरांना स्वतःचा अभिमान वाटला. हे इथं स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण पुढं ते स्वतः कुणाला सांगणार नव्हते. बहिणीच्या घरात, बहिणीच्या हातचं जेवत, तिच्याच भल्याची गोष्ट ओठांवर आली असताना त्यांनी ती गिळली, आणि त्यांना ते मोठ्या माणसाचं लक्षण वाटलं.

सोमवारी संध्याकाळी डीजे बंद झाला आणि सरांनी माईक हातात घेतला. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एका बाजूला, मंजुळाबाई खांबाला टेकून प्लास्टिकच्या खुर्चीवर. सरांचा आवाज वयानं अजून फाटलेला नव्हता. जमा वाचली, खर्च वाचला, आणि मग त्यांनी ते शेवटचं पान काढलं.

"जमा म्हणून मी आत्ता जे वाचलं त्यातलं बरंचसं देवाकडं आलेलंच नाही. बोल्या लागल्या, पैसे आले नाहीत. त्या न आलेल्या पैशांवर पतसंस्थेनं देवस्थानाला कर्ज दिलं. पतसंस्थेत जे आहे ते तुमचं आहे. म्हणजे हा मंडप आणि ती कमान तुम्हीच बांधली आहे, तुम्हाला कुणी न विचारता. आणि फेडायचीही तुम्हालाच आहे."

सरांना वाटलं, आता कुणीतरी उठेल. आयुष्यभर वर्गात त्यांनी या क्षणाची वाट पाहिली होती, की कुणीतरी उठून विचारील, सर, पण मग असं का? कुणी उठलं नाही. मागून टाळ्या सुरू झाल्या आणि त्या पुढपर्यंत आल्या. दोनचार पोरांनी मोबाइल वर धरले होते. चिमाजीनं माईक घेतला.

"सरांसारखी मानसं हायत म्हणून गाव हाय," तो म्हणाला. "ज्यांच्या बोल्या ऱ्हायल्यात त्यांनी मनावर घ्या. आमच्या घरची बी हाय, आमी लपवत न्हाई."

यालाही टाळ्या पडल्या. लगेच लिलाव सुरू झाला. रविराजनं निशाणाला मागच्याहून चढी बोली लावली, हलगी कडाडली, गुलाल उडाला. सर व्यासपीठावर गुलालात उभे राहिले. ऋण काढून सण करणारे लोक त्यांनी पाहिले होते. आपण ऋणात आहोत हे नुकतंच ऐकून त्याच जागी सण करणारे ते पहिल्यांदा पाहत होते. गावाला कान नाहीत, असं म्हणत ते रात्रीच्या बसनं पिंपळे गुरवला परत आले आणि उद्वेगानं न जेवता झोपले.

गावाला कान नाहीत हा त्यांचा गैरसमज मंगळवारी सकाळीच फिटला. देवळापुढं ज्यांनी एक प्रश्न विचारला नाही ते सगळे उजाडायच्या आत पतसंस्थेच्या दारात होते. चारचौघांत कुणाला शंका घ्यायची नव्हती. चिमाजीचा राग कोण ओढवून घेणार, कुणाचा पोरगा त्याच्या कंत्राटावर, कुणाची गाडी त्याच्या कंपनीत लावलेली. पण पासबुक घेऊन धावायला कुणाची परवानगी लागत नव्हती. गोरक्षनं रात्रपाळीवरून येऊन आईला मोटारसायकलवर तिथं नेऊन सोडलं, तेव्हा रांग कमानीपर्यंत आली होती. मंजुळाबाईला उभं राहवेना. ती पायरीवर बसली. मागच्यांनी आधी, "आजी, तुमचा नंबर हाय हं," म्हटलं आणि मग हळूहळू पुढं सरकून तो घेतला. अकराच्या आत गल्ला संपला. शटर अर्ध्यावर आलं आणि बाहेर कागद लागला, की पुढील सूचना येईपर्यंत एका ठेवीदाराला महिन्याला हजार रुपये मिळतील.

दुपारी गोरक्षचा फोन आला.

"मामा, आईचं राहिलं," तो म्हणाला. "तिचं काय, पार निम्म्या गावाचं राहिलं."

"एवढ्यात गल्ला कसा संपला? काही तरी शिल्लक असणार."

"व्हती की. काल सकाळी संचालकांनी आपापल्या घरच्या ठेवी मोडल्या. चिमाजीमामा, रविराज, त्यांचे सासरे, सगळ्यांनी. वाचायच्या आधीच. आत काम करणारी पुनम हाय ना, तिनं सांगितलं. त्यांना कसं कळलं कुणास ठावं."

सरांना कळलं होतं कसं कळलं ते. त्यांनी फोन ठेवला आणि ते पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसले. खरं बोललं की भलं होतं, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. ते गृहीत होतं. आता त्यांना दिसत होतं, की खऱ्याला स्वतःची अशी किंमत नसते, ते कुणाला कधी कळलं यावर किंमत ठरते. देवळापुढं सांगितलं की त्याच्या टाळ्या होतात. सोफ्यावर बसून आदल्या दिवशी सांगितलं की त्याचे पैसे होतात. चोराला एक दिवस आधी, सभ्यपणा म्हणून. बहिणीला रांगेत, नियम म्हणून. हे सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं, स्वच्छ मनानं केलं होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त चीड आली. आपण बदमाश असतो तर अक्काचे पैसे वाचले असते.

इकडं कुणीतरी काढलेला व्हिडिओ फिरत फिरत शहरात आला. 'निर्भीड प्राध्यापकाने गावाला सुनावले' असं त्यावर लिहिलं होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या सांगवीच्या ज्येष्ठ मंडळींनी सरांना बोलावून शाल आणि नारळ दिला आणि सत्य व समाज यावर चार शब्द बोलायला लावले. सर काय बोलले ते त्यांनाच आठवत नाही. नंतर चहाच्या वेळी एक सद्गृहस्थ त्यांच्या कानाशी आले. "सर, आमचेही पैसे अशाच एका ठिकाणी आहेत," ते म्हणाले. "तुमच्या ओळखी असतात. काही आतलं कळलं तर मला आधी सांगा." सरांनी त्यांचा नंबर लिहून घेतला, कारण नाही म्हणायची ताकद उरली नव्हती. शाल ते रिक्षातच विसरले की मुद्दाम सोडून आले, हे जयमालाबाईंनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी ते गावाला गेले. त्यांच्या खिशात चेक होता, स्वतःच्या ठेवीतून काढलेला, दोन्ही गुडघ्यांना पुरेल एवढा. मंजुळाबाई ओसरीवर पाय लांब करून बसली होती. तिनं "ये" म्हटलं, पण ती उठली नाही.

"चिमाजीची सून आली व्हती, योगिनी," ती म्हणाली. "लई भोळी हाय बिचारी. म्हणाली, सरांनी मामंजींना आदल्या दिशी कागद दावला म्हणून बरं झालं, न्हाईतर आमचं बी अडाकलं असतं. खरं हाय व्हय जोती?"

"रीत आहे अक्का. अध्यक्षाला दाखवावाच लागतो."

"मंग तिथनं उठून माझ्याकडं जेवायला आलास."

"हो."

"मी इचारलं व्हतं तुला."

सर ओसरीच्या कडेला बसले. काय सांगावं ते त्यांनी बसमध्ये नीट जुळवून आणलं होतं, पण तिच्यापुढं त्यातलं एक वाक्य उभं राहीना. "तू बहीण म्हणूनच नाही सांगितलं," ते म्हणाले. "परकी असतीस तर कदाचित सांगून बसलो असतो. आपल्या माणसाचा फायदा केला असं व्हायला नको, म्हणून. मला वाटलं, तेच बरोबर."

मंजुळाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. तिला ते कळलं नाही असं नाही. तिला ते नीट कळलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसलं.

सरांनी चेक काढून तिच्यापुढं ठेवला. ती नको म्हणेल, रडेल, मग आपण आग्रह करू, मग ती घेईल, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. तिनं चेक उचलला, घडी घातली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

"घेते," ती म्हणाली. "गुडघं माझं हायत, त्येन्ला तुझ्या नियमाचं काय? पण फुडल्या जत्रंला जेवायला चिमाजीकडंच थांब. आधी तिकडंच जातोस, मागनं हिकडं कशाला यायचं?"

सर काही बोलायला गेले. तेवढ्यात आत भांड्याचा आवाज झाला, तशी तिनं मान वळवून सुनेला सांगितलं, "चहा नको टाकू गं. जोती निघालाय."